रस्त्यावरचं बलुतं

आमच्या शेजारचा संपत कुपवाडला एका कारखान्यात कामाला आहे. रोज मोटारसायकलवरून जा-ये करतो. परवा तो दोन गुळगुळीत रंगीत कागद घेऊन माझ्यापुढं येऊन बसला. दोन कंपन्यांची दोन कार्डं. वर्षाचे पैसे भरा, गाडी रस्त्यात बंद पडली की फोन करा, त्यांचा माणूस येईल. संपत म्हणाला, "तात्या, तुमी मिस्त्री. ह्यातलं कुठलं घिऊ सांगा."

मी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले, मागची बारीक अक्षरंसुद्धा वाचली, आणि मला हसू आवरेना. संपतला वाटलं, म्हाताऱ्याला काही कळलं नाही. पण कळलं होतं म्हणूनच हसू आलं. हे असलं कार्ड आम्ही दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला इस्लामपुरात काढलं होतं. फोन नव्हता, कागद नव्हता. तीस-चाळीस बिल्ले होते आणि फौजेनं लिलावात काढलेली एक लॉरी होती.

या अंकासाठी संपादकांनी धंद्यातल्या आठवणी मागितल्या आहेत. चाळीस वर्षं हात काळे केले. सगळं सांगत बसलो तर माझा जन्म आणि त्यांचा अंक, दोन्ही पुरायचे नाहीत. म्हणून ते एक वर्षच सांगतो.

आमचं गाव इस्लामपूरपासून दोन मैलांवर. घरची जमीन, ऊस, चार बैल. मी फौजेत गेलो तो वर्कशॉपात पडलो, आणि परत आलो तेव्हा माझ्या नाकाला ग्रीसच्या वासाची इतकी सवय झाली होती की उसाच्या फडात जीव रमेना. इस्लामपुरात सांगली रस्त्याला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. जोडीला रसूलभाई. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, सायकलीतला उस्ताद. डोळे मिटून चाक फिरवायचा आणि कुठली तार ढिली आहे ते आवाजावरून सांगायचा. मोटार माझी, सायकल त्याची, अशी वाटणी.

चार महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. दुरुस्तीचं दुकान असतं एका जागी, आणि वाहन बंद पडतं भलतीकडंच. तेव्हा टायर-ट्यूबचा दुष्काळ होता. ट्यूबवर ठिगळ, ठिगळावर ठिगळ. काही गडी तर टायरमध्ये चिंध्या कोंबून सायकल चालवायचे. मग शाळामास्तर, तलाठी, दुधाच्या चरव्या अडकवलेले गवळी पाच-पाच मैल सायकल ढकलत दुकानात यायचे, आणि आल्याबरोबर सायकलीच्या आधी रसूलभाईलाच शिव्या घालायचे. मोटार बंद पडली तर उतारू उतरून ढकलायचे. ढकलून दमले की मोटारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चालू लागायचे.

फौजेत याला तोड होती. गाडी पडली की वर्कशॉपची लॉरी गाडीकडं जायची. तिथं तिला रिकव्हरी म्हणत. मी साठवलेल्या पगारातून लिलावातली एक लॉरी उचलली. मागं साखळी आणि आकडा होता, पुढं हँडल मारून सुरू करायची. पण लॉरी धाडायची म्हणजे पेट्रोल जाळायचं, आणि सायकलवाल्याकडून एका पंक्चरमागं काय घेणार? एक दिवस गावी खळ्यावर बसलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, सुताराला वर्षाचं बलुतं मोजून घालत होते. त्याच वेळी माझ्या डोक्यात उजेड पडला.

आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. गावचा सुतार, लोहार, कुंभार, न्हावी शेतकऱ्याचं काम वर्षभर करायचे. दर खेपेला पैसा घ्यायचे नाहीत. नांगर मोडला की सुताराला हाक. सुगीत खळं झालं की शेतकरी ठरलेलं धान्य त्याच्या पोत्यात घालायचा. ते बलुतं. मी ठरवलं, मोटार-सायकलीचं बलुतं काढायचं. सायकलीला वर्षाला दोन पायल्या जोंधळा, मोटारीला दोन पोती. आधी काही द्यायचं नाही. वर्षभर रस्त्यात कुठं अडलात तर आम्ही येणार, आणि फाल्गुनात खळ्यावर घेणार.

घरी आबांना सांगितलं. आबा पान लावत होते, त्यांचा हात थांबला.

"बलुतं? घेनार कोन? तू?"

"व्हय."

"आरं, आपल्या दारात बलुतेदार येत्यात. आपन देनारं. माजा ल्योक दुसऱ्याच्या खळ्यावर पोतं पसरून हुबा ऱ्हानार? सुताराच्या रांगंत?"

"काम करून घेनार आबा. फुकट न्हाई."

"सुतार काय फुकट घेतो व्हय?" आबा म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येताच पानावर जोरानं चुना फासायला लागले. मग आवाज चढवून म्हणाले, "फाल्गुनात खळी उठतील तवर तुजं चाळं कर. लोकांनी दानं घातलं न्हाईत, तर लॉरी इकायची आन् उसात यायचं. आन् घातलं, तरी त्यातला एक दाना माज्या घरात यायचा न्हाई."

खरं सांगतो, मला तेव्हा आबांचा राग आला, पण आत कुठंतरी तेच मलाही टोचत होतं. सुतार आमच्या खळ्यावर उन्हात तासतासभर उभा असायचा. त्याला कसं वाटत असेल, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. आज त्या ताठ्याची लाज वाटते.

दसऱ्याला सुरुवात केली. अडचण एकच होती. माणूस रस्त्यात अडला, तर आम्हाला कळणार कसं? रसूलभाईनं जुन्या पितळी परातीतून रुपयाएवढे बिल्ले कापले, प्रत्येकावर आकडा ठोकला आणि खूण म्हणून आऱ्यांसकट चाक कोरलं. ज्याचं बलुतं त्याला बिल्ला. वाहन बंद पडलं की त्यावर खडूनं मैलाच्या दगडाचा आकडा लिहायचा आणि इस्लामपूरकडं जाणाऱ्या कुणाही गाडीवानाच्या, मोटारवाल्याच्या हातात द्यायचा. तो दुकानावर टाकून जाणार.

कागदावर झकास होतं. पहिल्याच आठवड्यात तलाठ्याचा बिल्ला आला, त्यावर खडू नाही. आणणाऱ्याच्या धोतराला पुसला गेला होता. आणणारा तर बिल्ला टाकून बाजारात गडप झालेला. आम्ही सांगली रस्त्यानं दहा मैल जाऊन आलो. तलाठी उलट दिशेला, पेठ गावच्या रस्त्यावर होता. आम्ही परतलो तेव्हा सायकल ढकलत तो आमच्या आधी दुकानात येऊन बसला होता. त्यानं आमची सरकारी भाषेत हजेरी घेतली.

दुसऱ्या खेपेला त्याहून वरताण. कामेरीच्या मास्तरांनी बिल्ला एका धनगराकडं दिला. तो आटपाडीकडचा, मेंढरं घेऊन इकडं उतरलेला. मास्तर सांजेपर्यंत बसून शेवटी पायी घरी गेले. बिल्ला काही आला नाही. आठ दिवसांनी तो धनगर दुकानाच्या दारात उभा. डोईवरचं मुंडासं सावरत म्हणाला, "मालक, तुमचा द्येव आमच्याकडं आला हुता. घरधनीण म्हनली, ज्येचा त्येला पोचता करा." त्यानं फडक्यातून बिल्ला काढला. हळदकुंकवानं माखलेला. पितळेवर कोरलेलं ते आऱ्यांचं चाक त्याला सूर्यनारायण वाटलं होतं, आणि देव्हाऱ्यातल्या टाकांच्या शेजारी मास्तरांचा बिल्ला आठ दिवस पूजा घेत होता. बरोबर नैवेद्य म्हणून शेळीच्या चिकाचा खरवस आणला होता. रसूलभाई खरवस खाता खाता मला म्हणाला, "हणमंता, धंदा चालला न्हाई तरी आपलं द्यूळ चालंल."

मग शहाणे झालो. बिल्ले डब्याच्या पत्र्याचे केले, त्यांना कुणी देव मानेना. खडू बंद केला. प्रत्येक बिल्ल्याला तीन दोऱ्या लावल्या. तांबडी सांगली रस्त्याची, पांढरी पेठ रस्त्याची, काळी बोरगाव रस्त्याची. ज्या रस्त्यावर अडाल त्या दोरीला, जितके मैल असतील तितक्या गाठी मारायच्या. लिहितावाचता यायची गरज नाही, आणि गाठ धोतराला पुसली जात नाही. त्यानंतर आम्ही कधी चुकलो नाही. दूधवाल्यांचं दूध नासायच्या आत पोचायला लागलं. बिल्ले घेणारे वाढले.

आमचं बघून म्हणा किंवा आपलं आपण म्हणा, सांगलीतल्या एका मोठ्या गॅरेजनंही तसली योजना काढली. त्यांचं छापील कार्ड, सोनेरी काठ, आत नियम. त्यांची लॉरी माझ्या लॉरीपेक्षा नवी होती, मिस्त्री हुशार होते, हे कबूल करायला हवं. फक्त पैसे आधी घ्यायचे, आणि संस्थानच्या हद्दीबाहेर, म्हणजे आमच्या इंग्रजी मुलखात, यायचे नाहीत. पेट्रोलचा परवाना तेवढ्यापुरता होता. बिचाऱ्यांनी ते कार्डावर छापलंही होतं, पण सोनेरी काठ बघून कुणी खालचं वाचत नसे.

वाचलं ते रूथबाईंनी. बाई मिरजेला नर्सिंग शिकून आलेल्या, इस्लामपूरच्या सरकारी दवाखान्यात होत्या. पस्तिशीच्या, एकट्या, नेसूचं पांढरं लुगडं घोट्याच्या वर खोचून सायकलीवरून गावोगाव बाळंतपणं करत फिरायच्या. लोक आधी हसले, मग उठून वाट द्यायला लागले. बाई एक दिवस सांगलीचं कार्ड हातात घेऊन दुकानात आल्या आणि आमची उलटतपासणी सुरू केली.

"कुठवर येता?"

"बारा मैल. तिन्ही रस्त्यांनी."

"आडवाटेच्या वस्तीवर?"

"लॉरी जाईल तिथवर. फुडं चालत."

"आल्यावर काय करता?"

"सायकल दुरुस्त. न्हाई झाली तर लॉरीत घालून दुकानात आणतो."

"आणि मी?"

मला प्रश्नच कळला नाही. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, तिकडं बाई अडलेली असते. माझी सायकल तुम्ही उद्या दुरुस्त केलीत तरी माझी तक्रार नाही. मला आज पोचायचं असतं. या सांगलीच्या कार्डात सायकलीचं काय करणार ते सगळं लिहिलंय. माझं काय करणार ते कुठंच नाही. तुमच्याकडंही तेच असेल, तर दोन्हीत फरक काय?"

रसूलभाईनं हातातला पाना खाली ठेवला. मी म्हणालो, "पोचवू. आदी मानूस, मग सायकल." ते तोंडातून गेलं आणि आमचा नियम होऊन बसलं. बाई सातव्या नंबरचा बिल्ला घेऊन गेल्या. माझ्या पंचवीस वर्षांच्या आयुष्यात मला इतकं शहाणपण कुणी दहा मिनिटांत शिकवलं नव्हतं.

पण सायकलींच्या जोंधळ्यावर लॉरी चालणार नव्हती, हे मलाही दिसत होतं. नजर होती अण्णाप्पाशेठकडं. त्यांच्या सहा मोटारी उतारू वाहत. दोन सांगली-मिरज, चार आमच्या बाजूला. शेठ धिप्पाड, बोलणं थोडं, हिशेबाला पक्के. ते मिळाले तर धंदा उभा राहणार, नाहीतर फाल्गुनात लॉरी विकून उसात. शेठ म्हणाले, "एक बिल्ला दे. कासेगावच्या मोटारीला बांधतो. काय करतोस ते बघतो, मग सांगलीला जायचं का तुज्याकडं यायचं ते ठरीवतो."

माघात त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. नवरी कासेगावची. वऱ्हाड त्याच मोटारीतून निघालं आणि पेठेच्या पुढं नेर्ल्याच्या अलीकडं धाडकन मागचा आस मोडला. मुहूर्त दुपारचा. त्या दिवशी इस्लामपूरचा बाजार होता. गुळाच्या लॉरीवाल्यानं सकाळी शेठचा बिल्ला आणून टाकला. पांढऱ्या दोरीला सात गाठी. तोंडी सांगितलं, "आस गेलाय. नवरदेव रस्त्यात बसलाय. शेठ लय तापलाय."

हीच ती वेळ. साखळी टाकली, लाकडी ठोकळे टाकले, रसूलभाईनं हँडल मारलं, लॉरी धडधडायला लागली. एवढ्यात एक बैलगाडीवाला उडी टाकून पळत आला. हातात बिल्ला. नंबर सात. काळ्या दोरीला पाच गाठी, आणि दोरीला बांधलेली चिठ्ठी. बाईंचं अक्षर. सायकलीची साखळी तुटून बाई पडल्या होत्या, पाय मुरगळून सुजला होता. पुढं मैलावर एका वस्तीवर बाळंतीण दोन दिवस अडली होती. मूल आडवं असल्याचा सुईणीचा निरोप होता. तिला दवाखान्यात आणण्यावाचून इलाज नव्हता. "लॉरी घेऊन या," एवढंच शेवटी लिहिलं होतं.

एक रस्ता उत्तरेला, एक पूर्वेला. लॉरी एक.

रसूलभाई हळू आवाजात म्हणाला, "पयला बिल्ला शेठचा हाय, हणमंता. येईल त्या नंबरानं जायाचं, ह्यो कायदा आपनच केलाय."

मी दोन्ही बिल्ले हातात धरून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढं आधी सहा मोटारी आल्या. मग आबा आले, उसाचा फड आला. बाळंतीण सगळ्यांच्या मागून आली. पण आली, आणि मग हलेना. मी म्हणालो, "बाईकडं जातो." रसूलभाईनं मान हलवली. तो तेच ऐकायला थांबला होता.

"आन् नवरदेव?" त्यानं विचारलं.

समोर बाजार भरलेला. शेडच्या कडेला लिंबाखाली सायकलींची ही एवढी रांग लागली होती, कारण बाजाराला येणारे आमचे बिल्लेवाले सायकली आमच्याच दारात लावायचे. मी लॉरीच्या बॉनेटवर चढलो आणि परेडवर ओरडायचो तसा ओरडलो, "आरं बिल्लेवाल्यांनो! सायकली घ्या आन् नेर्ल्याकडं सुटा!"

"काय आणायचंय?" एक गवळी ओरडला.

"न्यायचंय! नवरदेव! कासेगावला, मुहूर्ताच्या आत!"

बाजार खदखदून हसला, आणि हसता हसताच हलला. गवळ्यांनी चरव्या उतरवून ठेवल्या. मास्तरांनी भाजीची पिशवी माझ्या शेडमध्ये फेकली. तलाठीसुद्धा निघाला, टोपी घट्ट बसवून. चौदा सायकली रसूलभाईच्या मागं पेठेच्या रस्त्याला लागल्या. तेवढं बघून मी लॉरी बोरगावच्या रस्त्याला वळवली.

बाई पाचव्या मैलाच्या दगडावर बसल्या होत्या. मांडीवर औषधांची पेटी, पाय भोपळ्याएवढा. मला बघून म्हणाल्या, "सायकल राहू दे. पेटी धरा." त्यांना उचलून पुढं बसवलं. वस्तीवर पोचलो तर दोन झोपड्या, दारात सासू आणि नवरा. आत पोरगी, विसाच्या आतली, ओरडायचंही थांबलेली. बाईंनी लंगडत आत जाऊन तिला तपासलं. बाजल्यासकट तिला लॉरीत चढवलं. खाली कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या. मी फौजेत जखमी माणसं आणली होती, पण इतकी हळू लॉरी कधी चालवली नव्हती. वाटेवरचा धोंडा दिसला की तिचा नवरा लॉरीपुढं धावत जाऊन तो बाजूला फेकायचा. पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत तो धावतच होता. बाई मागून एकसारख्या त्या पोरीशी बोलत होत्या. काय बोलत होत्या कळत नव्हतं, पण तो आवाज चालू होता तोवर माझा हात स्टिअरिंगवर स्थिर होता.

दवाखान्याच्या दारात आम्ही दोघं बसलो. मी आणि तो धोंडे उचलणारा. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो. केव्हातरी आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, नव्या इंजिनासारखं. बाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी. दोघी ठीक आहेत." तो गडी तिथंच पायरीवर डोकं टेकून रडायला लागला. मीही रडलो. का लपवू?

तिथून लॉरी नेर्ल्याला. मोटारीपाशी एकटा ड्रायव्हर, बिडी ओढत. बाकीचं मी रसूलभाईच्या तोंडून ऐकलं, आणि पुढं चाळीस वर्षं दर लग्नसराईत ऐकलं. नवरदेवाला मास्तरांच्या कॅरिअरवर बसवलं. मुंडावळ्या वाऱ्यानं डोळ्यांत यायला लागल्या, तेव्हा त्या मास्तरांच्याच कानांमागं खोचल्या. म्हणजे लांबून बघणाऱ्याला लग्न मास्तरांचं वाटावं. उपाध्ये तलाठ्याच्या मागं. करवल्या गवळ्यांच्या मागं, गवळ्यांचे अंगठे हँडलच्या घंटीवर. आणि खुद्द अण्णाप्पाशेठ रसूलभाईच्या मागं. अर्धा मैल राहिला असताना शेठच्या वजनानं रसूलभाईची ट्यूब फुटली. आयुष्यभर लोकांच्या ट्यूबा सांधणारा माणूस! रसूलभाई दर खेपेला सांगताना कान पकडायचा. शेठ एक शब्द न बोलता उतरले आणि चालू लागले.

चौदा घंट्या वाजवत वरात कासेगावच्या शिवेवर पोचली. मुलीकडच्यांना वाटलं, इस्लामपूरकडं लग्नाची ही नवीन तऱ्हा निघाली असेल. त्यांनी नवरदेवाला कॅरिअरवर बसवूनच ओवाळलं. मुहूर्त साधला. आमचे बिल्लेवाले पंगतीला बसले आणि बुंदी बांधून घेऊन आले.

मी मोटार ओढून आणली, आस जोडला, आणि वाट बघत बसलो. चार दिवसांनी शेठ आले. स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरलं.

"माजा बिल्ला आदी आला हुता?"

"व्हय."

"तरी तू बाईकडं गेलास."

"व्हय शेठ."

"माज्या भाच्याला दुधाच्या चरवीसारखं सायकलीला बांधून धाडलंस."

"व्हय."

शेठनी कोटातून सांगलीचं सोनेरी काठाचं कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"दोन मोटारी संस्थानात चालत्यात. त्या ह्येंच्याकडं ऱ्हातील. तिथं त्येंचं काम चांगलं हाय. बाकीच्या चार तुज्याकडं."

मी म्हणालो, "शेठ, तुमी चिडला असाल म्हनून..."

"चिडलो हुतो की. चालावं लागलं मला." शेठ उठले. "पर चालता चालता इच्यार केला. सांगलीवालं माजी मोटार वडून आनतील. मोटारीत बसलेला मानूस त्येंच्या कार्डात हाय कुठं? चार बिल्ले काढ."

संपतला मी परवा तेवढंच विचारलं. तू रोज कुठल्या रस्त्यानं जातोस? तिथवर कुठला येतो? तू अडलास हे त्याला कळणार कसं? आणि गाडीचं काय करणार ते लिहिलंय, तुझं काय करणार? संपतनं दोन्ही कागद पुन्हा उलटून पाहिले.

फाल्गुन आला. बलुतेदारानं खळ्यावर स्वतः जायचं असतं. पहिल्या खळ्यावर मी कडेलाच थांबलो. मालक धान्य वारवत होता, मी पोतं घेऊन उन्हात उभा. त्यानं मान वर केली आणि हाक मारली, "या मिस्त्री, सावलीला बसा." दोन पायल्या मापल्या, वर ओंजळभर जास्त टाकली. दुसऱ्या खळ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. गवळ्यांनी जोंधळ्यावर तुपाची लोटी दिली. मास्तरांना शेत नव्हतं, त्यांनी सासऱ्याच्या खळ्यावरून आणून घातलं. बिल्ला घेतलेला एकही माणूस चुकला नाही. आम्ही लॉरी भरून धान्य आणलं, आणि ते शेडमध्येच उतरवलं. घरात न्यायची बंदी होती.

सगळ्यांत शेवटी आमचं खळं उठलं. मी हात लावायला गेलो होतो. बलुतेदार रांगेनं उभे. आबा मापानं एकेकाच्या पोत्यात घालत होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी. सगळ्यांचं झालं तरी आबांनी माप खाली ठेवलं नाही. माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्येच्या थोरल्या भावाकडं सायकल हाय. तिला ह्येचा बिल्ला बांधलेला हाय. तिचं बलुतं ऱ्हायलंय."

बलुतेदार माझ्याकडं वळून बघायला लागले.

"परवा बोरगावच्या वस्तीवरला एक गडी घरी आला हुता," आबा म्हणाले. "पायलीभर जोंधळा घिऊन. म्या इचारलं, सायकल हाय? न्हाई म्हनला. मोटार? न्हाई. मग कशाचं रं ह्ये? म्हनला, मिस्त्रीचं बलुतं हाय, मिस्त्रीच्या घरात घाला. बारकी लेक झालीया म्हनला." आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मला न्हाई म्हनवंना. घरातल्या कनगीत वतलंय त्ये."

विठोबा सुतारानं रांगेत थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली. "या मिस्त्री," तो म्हणाला, "हितं हुबं ऱ्हावा."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि आबांच्या पुढं पोतं पसरलं. आबांनी दोन पायल्या घातल्या, अगदी शिगोशीग. मग पोत्याचं तोंड स्वतः बांधलं, खांद्यावर घेतलं, आणि गावच्या वाटेला लागले. मी मागून म्हणालो, "आवं आबा, शेड तिकडं हाय."

"ठाव हाय," आबा म्हणाले, आणि घराकडं चालत राहिले.